एस्प्रेसो थांबतं कशासाठी आणि कशासाठी नाही: अँड्रॉइडच्या यूआय टेस्टिंग लायब्ररीचं परीक्षण

एस्प्रेसोबद्दलच्या बहुतेक तक्रारी ऐकून घेतल्या की मुळाशी एकच गोष्ट सापडते: हे साधन टेस्टला नेमकं कधी थांबवतं, हे तक्रार करणाऱ्याला ठाऊक नसतं. गूगलनं २०१३ साली खुली केलेली ही लायब्ररी आता अँड्रॉइडएक्सचा, म्हणजे गूगलच्या अँड्रॉइड लायब्ररींच्या संचाचा, भाग आहे. अँड्रॉइडची यूआय टेस्ट, म्हणजे ॲपच्या स्क्रीनची आपोआप चालणारी तपासणी, म्हटलं की आजही पहिलं नाव हिचंच निघतं. तिची भाषा अर्ध्या तासात शिकून होते. तिचा थांबण्याचा नियम मात्र बरेच जण सहा महिने वापरूनही वाचत नाहीत. हे परीक्षण मुख्यतः त्या नियमाचं आहे, कारण लायब्ररीचं मोल आणि तिचा त्रास दोन्ही त्यातूनच येतात.

आधी भाषा. ऑनव्ह्यूनं स्क्रीनवरचा घटक (व्ह्यू) शोधायचा, परफॉर्मनं त्यावर कृती करायची, चेकनं निकाल तपासायचा. शोधण्यासाठी विथआयडी, विथटेक्स्ट यांसारखे मॅचर, ते एकत्र बांधायला हॅमक्रेस्ट या मॅचरच्या लायब्ररीतलं ऑलऑफ. टेस्ट वाचताना स्क्रीनवर काय घडतंय ते डोळ्यांपुढे उभं राहतं, हा मोठा गुण. चुकीचे संदेशही प्रामाणिक असतात. घटक सापडला नाही तर नोमॅचिंगव्ह्यूएक्सेप्शन, एकाहून जास्त सापडले तर अँबिग्युअसव्ह्यूमॅचरएक्सेप्शन, आणि सोबत त्या क्षणीच्या सगळ्या व्ह्यूंची उतरंड. ती उतरंड कधी कधी शेकडो ओळींची असते आणि नवखा माणूस ती बघूनच लॉग बंद करतो. तसं करू नये. शोधलेला घटक तिथे आहे पण अदृश्य आहे, की तिथे नाहीच, हे त्यातच लिहिलेलं असतं.

जोडणी सोपी आहे. एस्प्रेसो-कोअर, टेस्ट चालवणारा रनर आणि जेयुनिट या टेस्टच्या चौकटीचा अँड्रॉइडएक्स विस्तार एवढं अँड्रॉइडटेस्टच्या अवलंबनांत टाकायचं आणि ग्रेडल या बिल्ड साधनाच्या डिफॉल्टकॉन्फिगमध्ये अँड्रॉइडजेयुनिटरनर नेमायचा. रनरची ओळ राहिली तर जुना रनर धरला जातो, त्याला जेयुनिट ४च्या टेस्ट दिसत नाहीत, आणि एकही टेस्ट चाललेली नसताना सगळं ठीक असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक मुद्दाम नापास होणारी टेस्ट चालवून लाल रंग पाहून घ्यावा. एस्प्रेसो-कॉन्ट्रिब (एस्प्रेसोच्या जादा कृतींचा संच) घेतलं आणि ॲप सुरू होताच मेथड सापडत नसल्याची चूक आली, तर त्याच्यामागून आलेली प्रोटोबफ-लाइट ही डेटा बांधणारी लायब्ररी आधी पाहावी. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दुसरी प्रोटोबफ असेल तर दोघी भांडतात. ती वगळली की भांडण मिटतं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक कृतीच्या आणि तपासणीच्या आधी एस्प्रेसो ॲप निवांत होण्याची वाट पाहतं. निवांत म्हणजे तीनच गोष्टी: मुख्य थ्रेडच्या (स्क्रीन हाताळणाऱ्या धाग्याच्या) रांगेत लगेच करायचं काम उरलेलं नाही, असिंकटास्कचा (पार्श्वभूमीत काम चालवण्याच्या अँड्रॉइडच्या जुन्या सोयीचा) थ्रेड पूल रिकामा आहे, आणि तुम्ही नोंदवलेली प्रत्येक आयडलिंग रिसोर्स (काम चालू आहे की संपलं ते एस्प्रेसोला सांगणारी वस्तू) आपण मोकळ्या असल्याचं सांगते आहे. या यादीत नसलेल्या कशासाठीही ते थांबत नाही.

यातल्या ‘लगेच’ या शब्दानं अनेकांचे दिवस वाया घालवले आहेत. मुख्य रांगेतल्या पुढच्या संदेशाची वेळ १५ मिलिसेकंदांच्या आत असेल तरच एस्प्रेसो त्याला येऊ घातलेलं काम समजतं. त्यापलीकडचं काम त्याच्या लेखी नसतंच. शोधपेटीचं उदाहरण घ्या. वापरकर्त्याचं टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी शोध सुरू व्हावा म्हणून डीबाउन्स लावलेला असतो. टेस्ट अक्षरं टाइप करते, एस्प्रेसो रांगेत डोकावतं, पुढचा संदेश ३०० मिलिसेकंद दूर दिसतो, ॲप निवांत आहे असा निर्वाळा देतं आणि निकालांची यादी तपासायला जातं. यादी रिकामी, टेस्ट नापास. इम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) जरा मंद असला की मधल्या काळात शोध पुरा होतो आणि तीच टेस्ट पास होते. मंद मशीनवर पास आणि वेगवान मशीनवर नापास असा उलटा प्रकार दिसला तर पहिला संशय अशा उशिरानं टाकलेल्या कामावर घ्यावा.

यावर थ्रेड-स्लीप हा उपाय नव्हे. ५०० मिलिसेकंदांची झोप आज पुरते, सीआयच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) गर्दीत पुरत नाही, मग ती २००० होते. डीबाउन्सची वेळ बाहेरून देता येईल असं करावं आणि यूआय टेस्टमध्ये ती शून्य ठेवावी. डीबाउन्स खरोखर ३०० मिलिसेकंदांचा आहे का, हा प्रश्न यूआय टेस्टचा नाहीच. तो युनिट टेस्टमध्ये रनटेस्टच्या आभासी घड्याळावर तपासावा. तिथेही एक खाच आहे: ॲडव्हान्सटाइमबाय ३०० केल्यावर नेमकं ३००व्या मिलिसेकंदाला ठरलेलं काम चालत नाही, त्याआधीचंच चालतं. पुढे रनकरंट बोलवावं किंवा घड्याळ ३०१नं पुढे न्यावं. ‘डीबाउन्स तुटलाय’ म्हणून नोंदवलेले कित्येक बग या एका मिलिसेकंदाचे असतात.

दुसरी अडचण थोडी गमतीशीर आहे. एस्प्रेसो ज्या असिंकटास्कच्या पुलावर डोळा ठेवतं, तो असिंकटास्क अँड्रॉइड ११ मध्ये कालबाह्य घोषित झाला. नवं कोणतंही ॲप त्याकडे वळत नाही. कोरूटीनचा (कॉटलिनमधल्या, मध्ये थांबून पुन्हा चालू होऊ शकणाऱ्या कामाचा) आयओ डिस्पॅचर, म्हणजे काम कोणत्या थ्रेडवर चालेल ते ठरवणारा, आरएक्सजावाचे शेड्यूलर, स्वतः बनवलेले एक्झिक्युटर यांतलं काहीच एस्प्रेसोला दिसत नाही. म्हणजे पहारेकरी आहे, पण तो जुन्या वाड्याच्या दारात उभा आहे.

यावर एक चलाख तोड प्रचलित आहे. टेस्टमध्ये आयओ डिस्पॅचरच्या जागी असिंकटास्कच्याच थ्रेड पुलापासून बनवलेला डिस्पॅचर द्यायचा, म्हणजे कोरूटीनचं काम पहारेकऱ्याच्या नजरेसमोर चालतं. ॲपमध्ये डिस्पॅचर कुठेही थेट लिहिलेले नसतील, सगळीकडे बाहेरून पुरवलेले असतील, तर हे दहा ओळींचं काम आहे. पण ही तोड सगळीकडे पुरत नाही, आणि कुठे अपुरी पडते ते नीट समजून घ्यावं. सर्व्हरशी बोलणाऱ्या रेट्रोफिट लायब्ररीचं सस्पेंड फंक्शन तुमच्या डिस्पॅचरवर बसून उत्तराची वाट पाहत नाही. ते विनंती ओकेएचटीटीपी या खालच्या नेटवर्क लायब्ररीच्या स्वतःच्या थ्रेडवर सोपवतं आणि तुमची कोरूटीन निलंबित होते. त्या काळात असिंकटास्कचा पूल रिकामा असतो, एस्प्रेसोला सगळं शांत दिसतं, आणि टेस्ट उत्तर येण्याआधीच पुढे जाते. रूम या डेटाबेस लायब्ररीचंही तसंच: सस्पेंड क्वेरी रूमच्या स्वतःच्या एक्झिक्युटरवर चालते. रूमला सेटक्वेरीएक्झिक्युटरनं हवा तो एक्झिक्युटर देता येतो. ओकेएचटीटीपीसाठी आयडलिंग रिसोर्स लिहावी लागते. चालू विनंत्यांची संख्या शून्य असेल तर मोकळे, आणि ओकेएचटीटीपीच्या डिस्पॅचरच्या आयडलकॉलबॅकमधून एस्प्रेसोला कळवायचं. हा कॉलबॅक उत्तर हाताळून झाल्यावर येतो, त्यामुळे मुख्य थ्रेडकडे पाठवलेलं काम तोवर रांगेत पडलेलं असतं आणि मध्ये फट राहत नाही.

हाताने मोजणारी काउंटिंग आयडलिंग रिसोर्स सगळ्यांना आवडते, कारण दोनच मेथड: काम सुरू होताना वाढवा, संपताना घटवा. घटवणं फायनलीमध्येच असलं पाहिजे. अपवाद फेकला गेला आणि घटवणं राहून गेलं, तर आकडा कायमचा वर अडकतो आणि पुढची प्रत्येक टेस्ट तिष्ठत बसते. नोंदवलेली रिसोर्स मोकळी होत नसेल तर एस्प्रेसो मूळ सेटिंगनुसार २६ सेकंद थांबून चूक देतं. मुख्य थ्रेडच शांत होत नसेल तर ६० सेकंदांनी ॲपनॉटआयडलएक्सेप्शन. त्यामुळे लॉगमध्ये २६ सेकंदांची खोळंबलेली टेस्ट दिसली तर न घटवलेला आकडा शोधावा, आणि ६० दिसली तर न थांबणारं ॲनिमेशन. उलट, एकदा जास्त घटवलं तर मोजणी बिघडल्याची चूक ताबडतोब येते. ती बरी, लपून राहत नाही.

स्वतःची रिसोर्स लिहिताना आणखी एक नियम पाळावा लागतो. ‘मोकळी आहे’ असं उत्तर देण्याआधी, व्यस्तातून मोकळी झाल्याचा कॉलबॅक पाठवलेला असला पाहिजे. नुसतं इझआयडलनाऊ खरं परत करून भागत नाही. एस्प्रेसो त्यावर स्पष्ट आक्षेप घेतं. प्रत्येक टेस्टनंतर नोंद काढायलाही विसरू नये, नाहीतर आधीच्या टेस्टचं भूत पुढच्या टेस्टला अडवतं.

आयडलिंग रिसोर्ससाठी ॲपच्या मुख्य कोडमध्ये वाढवा-घटवा पेरावं लागतं, या आक्षेपात तथ्य आहे. पण तो बराचसा रचनेचा प्रश्न आहे. डेटा आणून देणाऱ्या रिपॉझिटरीचा इंटरफेस असेल तर मोजणी करणारं आवरण फक्त टेस्टच्या सोर्स सेटमध्ये ठेवून डिपेंडन्सी इंजेक्शननं, म्हणजे बाहेरून पुरवून, बसवता येतं. मुख्य कोडला स्पर्शही होत नाही. ज्या ॲपमध्ये हे जमत नाही, तिथे एस्प्रेसो त्रास देणारच, आणि मग दोष लायब्ररीला लावला जातो.

ॲनिमेशन बंद करणं ही पूर्वअट आहे. विंडो, ट्रांझिशन आणि ॲनिमेटर असे तिन्ही स्केल शून्यावर आणायचे. ग्रेडलच्या टेस्टऑप्शन्समध्ये ॲनिमेशन्सडिसेबल्ड खरं ठेवलं की कमांड लाइनवरून चालवताना हे आपोआप होतं. अँड्रॉइड स्टुडिओतल्या हिरव्या बाणानं टेस्ट चालवली तर त्या सेटिंगवर विसंबू नये, डिव्हाइसच्या डेव्हलपर पर्यायांत तिन्ही स्केल बंद आहेत का ते पाहावं. ‘सीआयवर पास, माझ्याकडे नापास’ या वाक्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

क्लिकबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा: घटकाचा किमान ९० टक्के भाग दिसत असल्याशिवाय एस्प्रेसो क्लिक करत नाही. छोट्या स्क्रीनवर कीबोर्डनं बटणाचा खालचा भाग झाकला की टेस्ट तिथेच पडते. टाइप केल्यावर क्लोजसॉफ्टकीबोर्ड बोलवण्याची सवय ठेवावी. स्क्रोलटू ही कृती साध्या स्क्रोलव्ह्यूसाठी आहे, लांब याद्या दाखवणाऱ्या रीसायकलरव्ह्यूमध्ये ती चालत नाही. न दिसणाऱ्या ओळीचा व्ह्यू तिथे तयारच झालेला नसतो, तर स्क्रोल करून पोचणार कुठे? त्यासाठी कॉन्ट्रिबमधल्या रीसायकलरव्ह्यूॲक्शन्स वापराव्यात.

देवनागरी मजकूर असलेल्या ॲपसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण अधिकृत मार्गदर्शकांत त्या विखुरलेल्या असतात. टाइपटेक्स्ट ही कृती अक्षरांचं रूपांतर कळांच्या दाबण्यात करते, आणि ‘नमस्कार’साठी तसा नकाशा नसतो. ती चूक देते आणि चुकीच्या संदेशातच रिप्लेसटेक्स्टचा सल्ला असतो. रिप्लेसटेक्स्टनं काम होतं, फक्त मजकूर एका झटक्यात बसतो. प्रत्येक अक्षरामागे काही घडायचं असेल तर ते तपासलं जात नाही. दुसरं, ‘दुसऱ्या’मधला ऱ हा एक स्वतंत्र वर्ण म्हणून लिहिता येतो, तसाच र आणि खालचा नुक्ता असा जोडूनही, शिवाय र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह वापरून तसंच दिसणारं रूप करता येतं. डोळ्याला तिन्ही सारखी, विथटेक्स्टला तिन्ही वेगळी. तास घालवूनही फरक सापडत नसेल तर वर्णांचे युनिकोड क्रमांक छापून पाहावेत. मुळात टेस्टमध्ये मजकूर हातानं लिहूच नये, विथटेक्स्टला स्ट्रिंग रिसोर्सचा आयडी द्यावा. तिसरं, डिव्हाइसची भाषा मराठी असेल तर गेटस्ट्रिंगमध्ये भरलेला ५ हा ‘५’ म्हणून, देवनागरीतच उमटतो. इंग्रजी अंकाची वाट पाहणारी टेस्ट तिथे पडते. टेस्टच्या सुरुवातीला लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) पक्की करावी.

एस्प्रेसोची हद्द ॲपच्या प्रोसेसपुरती आहे. परवानगी मागणारी सिस्टमची खिडकी, नोटिफिकेशनचा पडदा, दुसरं ॲप यांना ते हात लावू शकत नाही. परवानगीसाठी ग्रँटपरमिशनरूल पुरतो, पण तो परवानगी देतो, काढून घेत नाही. ‘नाकारली तर काय’ हे तपासायला ॲपबाहेरही चालणारा यूआय ऑटोमेटर सोबत घ्यावा लागतो. दोन्ही एकाच टेस्टमध्ये चालतात. टोस्टची (क्षणभर दिसून जाणाऱ्या संदेशाची) गोष्ट मात्र बिघडली आहे. अँड्रॉइड ११ किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपचे मजकुराचे टोस्ट सिस्टम स्वतः रंगवते, त्यामुळे इंटरनेटवर जागोजागी सापडणारे टोस्टचे मॅचर आता निरुपयोगी आहेत. महत्त्वाचा संदेश टोस्टमध्ये असेल तर तो ॲपच्या आतच दिसणाऱ्या स्नॅकबारमध्ये हलवणं सोपं.

खऱ्या सर्व्हरवर यूआय टेस्ट चालवू नयेत. मॉकवेबसर्व्हर हा टेस्टपुरता नकली सर्व्हर इथे चोख बसतो, दोन सूचनांसह. पोर्ट ठरावीक देऊ नये, त्याला मोकळा पोर्ट निवडू द्यावा आणि पत्ता ॲपला पुरवावा. आणि अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला मूळ सेटिंगमध्ये मनाई आहे, त्यामुळे लोकलहोस्टसाठी सूट देणारं नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग डीबग बिल्डमध्ये टाकावं. फक्त डीबगमध्येच. मुख्य बिल्डमध्ये सरसकट सूट देऊन मोकळं होणारे प्रोजेक्ट कमी नाहीत.

टेस्ट एकमेकींत मिसळू नयेत म्हणून टेस्ट ऑर्केस्ट्रेटर आहे. तो प्रत्येक टेस्ट वेगळ्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये चालवतो, आणि क्लियरपॅकेजडेटा खरं ठेवलं तर प्रत्येक टेस्टमागे ॲपचा डेटा पुसतो. एक टेस्ट कोसळली तरी बाकीच्या चालतात. किंमत वेळेची: प्रत्येक टेस्टमागे ॲप नव्यानं उभं राहतं. शंभराच्या आत टेस्ट असतील तर ही किंमत द्यावी. जास्त असतील तर नमशार्ड्स आणि शार्डइंडेक्स हे रनरचे दोन पर्याय वापरून टेस्ट अनेक इम्युलेटरवर वाटाव्यात. कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला ते) मोजत असाल तर एक फटका ठरलेला: डेटा पुसताना कव्हरेजची फाइलही जाते. त्यासाठी यूझटेस्टस्टोरेजसर्व्हिस चालू करावी.

कंपोझ या अँड्रॉइडच्या नव्या यूआय पद्धतीत बनवलेल्या स्क्रीनसाठी ऑनव्ह्यू उपयोगाचा नाही. तिथे कंपोझचा स्वतःचा टेस्ट रूल आहे, आणि व्ह्यू व कंपोझ मिसळलेल्या स्क्रीनवर तो आणि एस्प्रेसो एकत्र नांदतात. तत्त्व तेच, पुनर्रचना संपेपर्यंत थांबण्याचं, आणि उणीवही तीच: पार्श्वभूमीतलं काम त्यालाही आपोआप दिसत नाही. वेटअंटिल आहे, पण मूळ मुदत १००० मिलिसेकंदांची. सीआयवर ती वाढवावी. बटणाच्या आतल्या आयकॉनचा टॅग सापडत नाही ही नेहमीची तक्रार. बटण आपल्या पोटातल्या घटकांना एकाच नोडमध्ये सामावून घेतं, म्हणून शोधताना यूझअनमर्ज्डट्री खरं द्यावं. शंका आली की प्रिंटटूलॉग करून झाड पाहावं, अंदाज बांधत बसू नये.

पर्यायांबद्दल थोडक्यात. आयओएसवर समांतर साधन एक्ससीयूआयटेस्ट आहे, पण ते वेगळ्या प्रोसेसमधून ॲक्सेसिबिलिटीच्या वाटेनं पाहतं; ॲपच्या आतली आयडलिंग रिसोर्स ही सोय तिथे नाही, वेटफॉरएक्झिस्टन्सवर भागवावं लागतं. एकच टेस्ट दोन्हीकडे चालवायची असेल तर ॲपियम किंवा मास्त्रो. त्या टेस्ट लिहायला डेव्हलपरच हवा असं नाही, पण ॲपच्या आतलं त्यांना काही कळत नाही आणि सगळी भिस्त वाट पाहून पुन्हा प्रयत्न करण्यावर. दहा-पंधरा मुख्य प्रवासांसाठी ते, आणि एकेका स्क्रीनच्या खोल तपासणीसाठी एस्प्रेसो, ही विभागणी बहुतेक टीमना मानवते. व्हॅलिडेशन, फॉरमॅटिंग, व्ह्यूमॉडेलच्या अवस्था यांसाठी मात्र यातलं काहीच नको, ते जेव्हीएमवरच्या, म्हणजे फोनशिवाय संगणकावरच चालणाऱ्या, युनिट टेस्टचं काम. तिथे ‘मेन डिस्पॅचर सुरू करता आला नाही’ अशी चूक आली तर सेटमेन करणारा रूल राहिला आहे, एवढंच.

आधीच स्लीपनं भरलेला टेस्टचा ढीग हाती आला असेल तर सगळं एकदम उपसू नये. स्लीप लिहिलेल्या ओळींची यादी काढावी आणि प्रत्येकीसमोर ती कशासाठी थांबते ते लिहावं: नेटवर्क, डेटाबेस, डीबाउन्स, ॲनिमेशन. बहुतेक ओळी पहिल्या दोन कारणांत पडतात, म्हणून ओकेएचटीटीपीची रिसोर्स आणि रूमचा एक्झिक्युटर आधी बसवावेत. मग एकेक स्लीप काढून ती टेस्ट सीआयच्याच मशीनवर ५० वेळा सलग चालवावी. पन्नासात एकदाही लाल झाली तर स्लीप परत घालायच्या आधी लॉगमध्ये वेळ पाहावी: लगेच पडली असेल तर एस्प्रेसोला न दिसणारं काम अजून कुठेतरी चालू आहे, २६ सेकंदांनी पडली असेल तर दिसणारं काम संपल्याचं कुणी कळवलेलं नाही.